हेल्मेटच्या काचेवरचे ओरखडे: गडचांदूरच्या धुळीत ते इतक्या लवकर का पडतात आणि घालवता येतात का?

रात्री पाळी बदलण्याची वेळ. सिमेंट कारखान्यांतून सुटलेले कामगार दुचाकीवरून घरी निघालेत. कोणी राजुऱ्याकडे, कोणी कोरपनाकडे, कोणी आतल्या गावांकडे. समोरून ट्रक येतो. त्याचे दिवे डोळ्यांवर पडतात आणि हेल्मेटच्या काचेवर एकदम पांढरं जाळं पसरतं. दोन सेकंद रस्ता दिसतच नाही. मग ट्रक निघून जातो, जाळं नाहीसं होतं आणि गाडी पुढे जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर परिसरात दुचाकी चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बरेच जण दोष देतात तो समोरच्या ट्रकच्या 'अप्पर'ला. तो दोष काही अंशी खराही आहे. पण त्या पांढऱ्या जाळ्याचं एक मोठं कारण डोळ्यांपासून दोन-तीन बोटांवर असतं. ते म्हणजे काचेवरचे बारीक ओरखडे.

आणि यातले बहुतेक ओरखडे रस्ता पाडत नाही. काच 'साफ' करणारा आपलाच हात पाडतो.

हे कसं घडतं? पडलेले ओरखडे टूथपेस्टने खरंच जातात का? काच बदलायची कधी? आणि हेल्मेट घालायला सांगणारा कायदा काचेबद्दल काय म्हणतो? समजून घेऊ.

ज्याला आपण काच म्हणतो, ती काच नसते

हेल्मेटची 'काच' असो किंवा दुचाकीच्या पुढे लावलेलं विंडशील्ड, दोन्ही प्लास्टिकचे असतात. खऱ्या काचेचे तुकडे अपघातात चेहऱ्यात घुसतील, म्हणून इथे काच वापरली जात नाही.

यात दोन प्लास्टिक महत्त्वाची आहेत. एक अ‍ॅक्रिलिक आणि दुसरं पॉलिकार्बोनेट.

अ‍ॅक्रिलिक १९३० च्या दशकात बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. पॉलिकार्बोनेट त्यानंतरचं. १९५३ मध्ये जर्मनीतल्या बायर आणि अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केलं.

दोघांचा स्वभाव वेगळा आहे. अ‍ॅक्रिलिक त्यातल्या त्यात कडक असतं, त्यावर ओरखडा जरा उशिरा उमटतो. पण जोरात आघात झाला की ते तडकतं. पॉलिकार्बोनेट आघात पचवतं, वाकतं, सहसा फुटत नाही. उडालेला खडा चेहऱ्यावर येणार असेल तर मध्ये पॉलिकार्बोनेटच हवं. त्यामुळे हेल्मेटच्या काचा जवळपास सगळ्या त्याच्याच असतात.

पण पॉलिकार्बोनेटची एक कमजोरी आहे. ते वरून मऊ असतं. इतकं, की कोरड्या कापडातला एखादा वाळूचा कणही त्यावर रेघ ओढू शकतो.

म्हणून चांगल्या काचेवर कारखान्यातच एक पारदर्शक, कडक थर चढवतात. हा थर काही मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर हा थर त्याच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ भरतो. काचेचं सगळं संरक्षण या थरावर अवलंबून असतं. तो एकदा गेला की खाली मऊ प्लास्टिक उघडं पडतं.

ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टूथपेस्टचा प्रश्न पुढे इथेच येऊन अडणार आहे.

गडचांदूरची धूळ वेगळी का आहे?

धूळ सगळीकडे असते. मग गडचांदूरचीच चर्चा कशाला?

कारण इथल्या धुळीत काय काय मिसळलेलं आहे, ते पाहण्यासारखं आहे.

कोरपना, राजुरा आणि जिवती हा चुनखडीचा पट्टा. त्यावरच इथला सिमेंट उद्योग उभा राहिला. खुद्द गडचांदूरला माणिकगड, जवळच आवारपूरला अल्ट्राटेक, उपरवाहीला अंबुजा, नारंड्याला दालमिया. एका तालुक्याच्या परिसरात इतके मोठे सिमेंट कारखाने महाराष्ट्रात दुसरीकडे सहज सापडत नाहीत. शेजारच्या राजुरा तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे.

या तिन्ही उद्योगांना जोडतो तो रस्ता आणि त्यावरचे ट्रक. खाणीतून चुनखडी आणि कोळसा येतो, कारखान्यातून क्लिंकर आणि सिमेंट जातं. वीज केंद्रांतून उरलेली राखही सिमेंटमध्ये लागते. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, म्हणजे गोणीवर 'पीपीसी' लिहिलेलं सिमेंट, त्यात भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख घालता येते.

म्हणजे राजुरा-गडचांदूर-कोरपना मार्गावर उडणारी धूळ ही नुसती माती नसते. त्यात चुनखडीची पूड असते, राख असते, कोळशाची भुकटी असते, सिमेंट असतं आणि रस्त्याच्या कडेची वाळू असते.

आता काचेच्या दृष्टीने यातलं सर्वात वाईट काय?

खनिजांचा कठीणपणा मोजायला १ ते १० अशी मोह्स नावाची मोजपट्टी वापरतात. त्यात हिरा १० वर आहे. चुनखडीतलं कॅल्साइट ३ वर आहे. वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर आहे. घरातल्या साध्या सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास येतं. म्हणजे वाळूचा कण सुरीपेक्षाही कठीण. राखेतही काचेसारखे सिलिकायुक्त कण आणि थोडं क्वार्ट्झ असतं.

थोडक्यात, काचेवर बसलेली धूळ म्हणजे न चिकटवलेला पॉलिश पेपर.

सिमेंटचा आणखी एक गुण आहे. ओलं झालं की ते तीव्र अल्कधर्मी होतं आणि घट्ट बसतं. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या विंडशील्डवर सिमेंटची धूळ बसली आणि पहाटे दव पडलं, तर सकाळी तिथे पांढरट ठिपके दिसतात. ते नुसत्या फडक्याने निघत नाहीत. शिवाय अ‍ॅक्रिलिक अशा अल्कधर्मी पाण्याला बऱ्यापैकी टिकतं; पॉलिकार्बोनेटला मात्र ते मानवत नाही.

ओरखडे नेमके कधी पडतात?

गाडी चालताना धुळीचे कण काचेवर आदळतात, त्यातून बारीक खड्डे पडतात. पण ते कमी. खरं नुकसान होतं ते थांबल्यावर.

चहाच्या टपरीवर गाडी लावली. काच मळलेली दिसली. गळ्यातला दुपट्टा, नाहीतर शर्टाची बाही घेतली आणि कोरडीच फिरवली. काच चकचकीत झाली. पण फिरवताना कापड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये ते कठीण कण होते. प्रत्येक कणाने आपल्या मागे एक रेघ सोडली.

पेट्रोल पंपावर पडलेलं ओलं फडकंही यातलंच. आधीच्या दहा गाड्यांची धूळ त्यात साठलेली असते.

कोरडं पुसण्याचा दुसरा तोटा लगेच दिसत नाही. प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर विद्युत भार तयार होतो आणि तो आजूबाजूची धूळ ओढून घेतो. म्हणजे पुसलेली काच थोड्याच वेळात पुन्हा मळते आणि आपण ती पुन्हा पुसतो.

विमानाच्या देखभालीत ही गोष्ट फार जुनी आहे. प्लास्टिकच्या खिडक्या असलेल्या लहान विमानांबाबत अमेरिकेतल्या देखभालीच्या मार्गदर्शनात सांगितलेलं असतं, की आधी भरपूर पाणी सोडा, मग उघड्या हाताने हळुवार चाचपून कण सोडवा, त्यानंतर सौम्य साबण वापरा आणि कोरड्या कापडाने घासू नका. उघडा हात कशासाठी? कारण कापडाखाली अडकलेला कण कळत नाही, बोटाखालचा कळतो.

विमानाला लागू पडणारी ही पद्धत दुचाकीलाही तितकीच लागू पडते. प्लास्टिक तेच, वाळू तीच.

दिवसा काच ठीक दिसते, मग रात्रीच त्रास का?

दिवसा प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा येतो. ओरखडे असले तरी समोरचं चित्र थोडं फिकट दिसतं, एवढंच. दुकानात, अंगणात, उन्हात काच पाहिली तर ती 'चालेल' अशीच वाटते.

रात्री परिस्थिती उलटी होते. आजूबाजूला अंधार आणि समोर एकच प्रखर दिवा. त्या दिव्याचा प्रकाश ओरखड्यांच्या कडांवर पडतो आणि सरळ डोळ्यात न जाता आजूबाजूला विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश सगळ्या काचेवर पांढऱ्या पडद्यासारखा पसरतो. पडद्यामागे असलेल्या अंधाऱ्या गोष्टी त्यात बुडून जातात.

हे जाळं दिव्याभोवती गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखं का दिसतं? ओरखडे तर आडवेतिडवे असतात. पण त्यांपैकी ज्यांची दिशा दिव्याकडे जाणाऱ्या रेषेला आडवी असते, तेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश वळवतात. असे ओरखडे दिव्याभोवती वर्तुळात उठून दिसतात. दिवा सरकला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं.

म्हणूनच काचेतून 'किती प्रकाश आत येतो' हा प्रश्न पुरेसा नाही. ओरखडे पडलेल्या काचेतून प्रकाश भरपूर येतो. तो चुकीच्या दिशेने येतो, ही अडचण आहे.

आता वेगाचा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला जवळपास १७ मीटर. जाळं दोन सेकंद टिकलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, जवळजवळ न बघता.

या भागात त्या ३३ मीटरमध्ये काय असू शकतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभा ट्रक. कापसाच्या दिवसांत रिफ्लेक्टर नसलेली बैलबंडी. शेतातून अचानक रस्त्यावर आलेला रोही किंवा रानडुकरांचा कळप. खड्डा तर असतोच. यातल्या एकाही गोष्टीला स्वतःचा दिवा नाही. विखुरलेल्या प्रकाशात आधी त्याच हरवतात.

कायदा हेल्मेट बघतो, काच बघत नाही

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू नोंदला गेला. यात ३५,६९२ चालक होते आणि १४,३३७ मागे बसलेले.

हे आकडे पाहता हेल्मेटसक्तीवर भर असणं स्वाभाविक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ डी मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे.

पण चौकात तपासलं जातं ते हेल्मेट आहे की नाही. फार तर आयएसआय चिन्ह. त्याच्या काचेतून रात्री दिसतं किती, हे कोणी तपासत नाही.

चारचाकीसाठी निदान एक आकडा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. काळ्या फिल्मवरची कारवाई याच नियमावर उभी आहे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हेल्मेट नियमात याच्या पुढचं पाऊल आहे. तिथे रात्री वापरायच्या काचेतून किमान ८० टक्के प्रकाश जावा लागतो. त्याहून गडद काचेवर ती फक्त दिवसा वापरण्याची खूण असते. शिवाय काचेवर दीड मीटरहून जास्त उंचीवरून क्वार्ट्झची वाळू सोडतात आणि त्यानंतर ती किती प्रकाश विखुरते, हे मोजतात.

म्हणजे नवी काच धुळीत किती टिकेल, याची चाचणी होऊ शकते. जुनी काच अजून वापरण्यासारखी आहे का, ही चाचणी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. काचेतून दिसत नाही म्हटल्यावर चालक काय करतो? काच वर करून गाडी चालवतो. मग धूळ आणि किडे थेट डोळ्यात जातात. त्याहून पुढची पायरी म्हणजे 'रात्री हेल्मेटमधून दिसत नाही' म्हणत ते काढून आरशाला अडकवणं. म्हणजे काही शे रुपयांच्या खराब काचेमुळे डोकंच उघडं पडतं.

मग ओरखडा घालवता येतो का?

याचं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. ओरखडा किती खोल आहे, प्लास्टिक कोणतं आहे आणि त्या काचेतून आपण पाहतो की तिच्या वरून.

आधी काच नीट धुवा. बऱ्याचदा ओरखडा वाटतो तो चिकटलेला थर असतो. धुऊन वाळल्यावर नखाची कड हळूच आडवी फिरवा. नख अडकत असेल तर ओरखडा खोल आहे. तो पॉलिशने जाणार नाही.

हेल्मेटची काच असेल तर: ओरखडा घासून काढायचा प्रयत्न करू नका. तो घालवायचा म्हणजे आजूबाजूचं प्लास्टिक ओरखड्याच्या तळापर्यंत घासायचं. तसं करताना वरचा कडक थर आधी जातो. मग ती जागा आणखी लवकर खराब होते आणि थर कुठे आहे, कुठे नाही, अशी पट्टेरी काच हातात उरते. काही काचांना आतून धुकं न धरणारा थर असतो. तो तर याहून नाजूक, त्याला बाहेरच्या पॉलिशचा हातही लावू नये.

विंडशील्ड अ‍ॅक्रिलिकचं आणि थर नसलेलं असेल तर: इथे दुरुस्तीला वाव आहे. नखाला न लागणारे ओरखडे प्लास्टिकसाठी मिळणाऱ्या पॉलिशने आणि मऊ सुती कापडाने बरेच कमी होतात. थोडे खोल असतील तर आधी १,००० नंबरचा, मग २,००० आणि ३,००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला ठेवून फिरवतात आणि शेवटी पॉलिश करतात. पण एकाच ठिकाणी जास्त घासलं तर तिथे खळगा पडतो आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो. म्हणून हे काम फक्त त्या भागावर करावं, ज्यातून आपण रस्ता पाहत नाही.

विंडशील्ड पॉलिकार्बोनेटचं असेल तर: हेल्मेटच्या काचेचाच नियम लागू. कडेला 'पीसी' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर ते पॉलिकार्बोनेट. 'पीएमएमए' असेल तर अ‍ॅक्रिलिक. काहीच लिहिलेलं नसेल तर ते थर असलेलं पॉलिकार्बोनेट आहे, असंच धरून चाला. यात चूक झाली तरी नुकसान नाही.

टूथपेस्ट, रॉकेल आणि पेट्रोलचं काय?

सोशल मीडियावर टूथपेस्टचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यात काच खरोखर चकचकीत झालेली दिसते. मग खोटं काय?

टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका असते. ती बारीक घासणीच आहे. थर नसलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तिने हलके ओरखडे थोडे कमी होऊ शकतात. थर असलेल्या काचेवर मात्र ती एका मोठ्या ओरखड्याच्या जागी हजारो बारीक ओरखडे देते. ते दिवसा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. रात्री समोरून दिवा आला की दिसतात.

गाडीचं वॅक्स किंवा तेलकट चकाकी देणारे स्प्रे ओरखड्यात भरून बसतात. काही दिवस काच नवी वाटते. पण तो थर धूळ धरून ठेवतो आणि पावसात पसरतो.

पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढण्याचं द्रव यांचं नावच काढू नका. पॉलिकार्बोनेटमध्ये त्यांच्यामुळे बारीक जाळीदार तडे जातात. हेल्मेटच्या कवचालाही ते घातक आहेत. रॉकेलचाही मोह टाळलेलाच बरा. घरच्या काचा पुसायचे अमोनिया असलेले स्प्रे आणि धुण्याचा सोडा हेही दोन्ही प्लास्टिकपासून लांब ठेवावेत.

काच बदलायची कधी?

यासाठी एक सोपी चाचणी आहे. तिला एक रुपयाही लागत नाही.

काच स्वच्छ धुऊन घ्या. अंधाऱ्या खोलीत हेल्मेट घालून काच खाली करा. समोर चार-पाच पावलांवर कोणालातरी मोबाइलचा टॉर्च आपल्या दिशेने धरायला सांगा. त्या टॉर्चच्या शेजारी एखादी गडद रंगाची वस्तू ठेवा. आता काच वर-खाली करून पाहा. काच वर असताना वस्तू दिसते आणि खाली केल्यावर प्रकाशाच्या जाळ्यात हरवते, असं असेल तर ती काच रात्री वापरण्यासारखी राहिलेली नाही.

डोळ्यांसमोरच्या पट्ट्यात नखाला लागणारा ओरखडा, कडेला तडा किंवा पिवळेपणा असेल तरीही काच बदला. नेहमीच्या वापरातल्या बहुतेक हेल्मेटची बदली काच काही शे रुपयांत मिळते. ती त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. रात्री प्रवास असेल तर पारदर्शकच घ्या. काळी किंवा रंगीत काच दिवसा कितीही छान दिसली तरी रात्री ती उरलासुरला प्रकाशही कमी करते.

विंडशील्ड महाग असतं. तिथे वेगळा उपाय आहे. त्याची उंची अशी असावी, की सरळ बसल्यावर नजर त्याच्या कडेवरून पलीकडे जाईल. वाऱ्याला ते अडवेल आणि ओरखडे नजरेच्या आड येणार नाहीत.

ओरखडे पडूच नयेत म्हणून

धुळीच्या भागात काच टिकवायला फार काही लागत नाही. पाणी, साबण आणि थोडा धीर.

- काच कोरडी पुसू नका. आधी पाण्याची धार सोडा. प्रवासात अर्ध्या लिटरची बाटली पुरते.
- घरी आल्यावर ओलं मऊ कापड दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवा. चिकटलेले किडे आणि धूळ भिजून सुटतात.
- मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून बोटांनी हळू धुवा. कढत पाणी नको.
- पुसायला स्वच्छ मायक्रोफायबर कापड ठेवा. ते फक्त काचेसाठी वापरा. जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय वापरू नका.
- सिमेंटचे पांढरे ठिपके नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. भिजत ठेवा. तरीही न गेलेले तसेच सोडा. खरवडण्यापेक्षा ते परवडले.
- गाडी रात्री उघड्यावर असेल तर विंडशील्डवर धुतलेलं मऊ कापड झाका. धूळ बसलेल्या काचेवर ताडपत्री आवळू नका, वाऱ्याने ती रात्रभर घासत राहते.
- हेल्मेट काचेवर पालथं ठेवू नका. डिकीत पाना-पक्कड आणि हेल्मेट एकत्र नको.

पण धुळीचं काय?

इथवर सगळी जबाबदारी चालकावर टाकली. ते पुरेसं नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही चंद्रपूर शहराचा समावेश आहे. म्हणजे या जिल्ह्यातल्या धुळीची सरकारदरबारी दखल नाही, असं म्हणता येत नाही.

पण हवेची धूळ मोजताना लक्ष असतं ते फुफ्फुसात जाणाऱ्या कणांवर. १० मायक्रॉनपर्यंतचे कण 'पीएम १०' मध्ये येतात आणि त्यांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आरोग्यासाठी हे मोजमाप अत्यावश्यकच आहे. मात्र ट्रकच्या चाकाखालून उडणारे, काच खरवडणारे बरेचसे कण त्याहून मोठे असतात. ते या मापात येतच नाहीत. हवेचा आकडा बरा असला तरी रस्त्यावर काचेसमोर धुळीचा लोट असू शकतो.

त्यावरचे उपाय गुंतागुंतीचे नाहीत. ट्रकवर नीट बांधलेली ताडपत्री. क्षमतेपेक्षा जास्त न भरलेला माल. कारखान्यातून आणि खाणीतून बाहेर पडताना धुतलेली चाकं. रस्त्याच्या कडेला साठलेली भुकटी उचलणं, नुसतं पाणी मारून तिचा चिखल न करणं. आणि बुजवलेले खड्डे, कारण प्रत्येक खड्ड्यात आदळणारा ट्रक थोडा माल सांडतो.

यातलं कोणतंही काम दुचाकीस्वाराच्या हातात नाही. ते कारखाने, खाणी, वाहतूकदार, बांधकाम खातं, परिवहन विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या हातात आहे. हेल्मेट न घातल्याची पावती चालकाच्या नावावर फाडली जाते. उघड्या ट्रकमधून सांडलेली भुकटी कोणाच्या नावावर लिहायची, हे विचारण्याचा हक्क त्यामुळेच त्याला आहे.

तो प्रश्न सुटेपर्यंत रस्त्यावर धूळ राहणार आणि रात्रपाळीही राहणार. तोवर टपरीवर थांबल्यावर हात गळ्यातल्या दुपट्ट्याकडे जाईल तेव्हा तो पाण्याच्या बाटलीकडे वळवणं, एवढं मात्र आजपासून जमण्यासारखं आहे.